हात, डोळा आणि तोंड : साठीपुढच्या टायपिंग-चुकांची चाचणी (प्रकल्प नोंदी)

३ जून

प्रश्न नक्की केला. "वय वाढलं की चुका वाढतात का" हा आपला प्रश्न नाही. चूक झाली हे आधी कोणाला कळतं (हाताला, डोळ्याला की सांगणाऱ्या तोंडाला) आणि कोणापर्यंत पोचतच नाही, हे बघायचं आहे.

आधार मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक रॅबिट यांच्या कामाचा. त्यांनी १९६६ मध्ये दाखवलं की बटण दाबण्याच्या चाचणीत माणूस आपली चूक कोणी न सांगता, चटकन सुधारतो. १९९० मध्ये त्यांनीच वयाची बाजू मांडली: उतारवयातली माणसं चूक लगेच सुधारण्यात फारशी मागे पडत नाहीत, मागे पडतात ती "आत्ता चुकलो" अशी खूण करण्यात आणि नंतर ती चूक आठवण्यात. म्हणजे सुधारणं आणि जाणवणं ही दोन खाती वेगळी. ती एकाच आकड्यात मिसळली की सगळं म्हातारपणाच्या नावावर जमा होतं.

मेंदूलहरी मोजायच्या नाहीत. चुकीचं बटण दाबल्यावर ५० ते १०० मिलिसेकंदांत कपाळामागच्या मध्यभागी एक ऋण लहर दिसते (ईआरएन), आणि उतारवयात ती बऱ्याच अभ्यासांत लहान मिळाली आहे. पण २००१ मध्ये न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचालींच्या चाचणीत दाखवलं की ही लहर न जाणवलेल्या चुकीनंतरही येते. जाणिवेशी नातं आहे ते तिच्या मागून येणाऱ्या धन लहरीचं. आपल्याला हवा तो फरक कळफलकावरही पकडता येतो, आणि डोक्याला जेल लावून तासभर बसवण्यापेक्षा ते बरं.

५ जून

काम: मराठी मजकूर बघून टाइप करणं. कळफलक इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी). यात स्वरचिन्हं डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात, त्यामुळे हात आलटून-पालटून चालतात आणि लय मोजता येते.

गट दोन: २० ते ३० आणि ६० ते ७५. दोन्हींत रोज टायपिंग केलेले: निवृत्त लिपिक, डीटीपीवाले, लघुलेखक. शिकाऊ घेतले तर वय नाही, सराव मोजला जाईल. सराव असला की वय झाकलंही जातं, हेही ध्यानात ठेवायचं. सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की वयस्क टायपिस्टांची बोटं इतर कामांत मंद असूनही टायपिंगचा वेग टिकतो, कारण ते मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवतात. म्हणून नुसत्या वेगावरून काही ठरवायचं नाही.

मोठी अडचण आजच दिसली. जुन्या हातांनी रेमिंग्टन धर्तीच्या टाइपरायटरवर शिक्षण घेतलंय. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, जशी दिसते तशी. इनस्क्रिप्टमध्ये ती अक्षरानंतर. सवयीने आधी मारली की पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली वेलांटी येते. ही चूक पस्तीस वर्षांच्या सवयीची आहे, वयाची नाही. तिच्यासाठी वेगळा रकाना: "सवय".

टाइपरायटरवरचं बॅकस्पेस गाडा मागे न्यायचं, अक्षर पुसायचं नाही. दुरुस्ती म्हणजे पांढरी शाई किंवा नवा कागद. त्यामुळे "चुकलं तरी पुढे चला" ही त्या पिढीची शिकवण, आणि मोबाइलवर वाढलेल्यांचं बोट कायम पुसायच्या बटणावर. नुसती बॅकस्पेसची संख्या मोजून दोन पिढ्यांची तुलना करणं म्हणजे फसवणूक आहे.

९ जून

यंत्रं. वायरचा यूएसबी कळफलक. ब्लूटूथ नको, त्याचा उशीर दर वेळी सारखा नसतो. साध्या यूएसबी कळफलकाला संगणक सेकंदाला १२५ वेळा "काही दाबलं का" असं विचारतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. एकेका दाबाला एवढी चूक राहणारच. बऱ्याच चुकांची सरासरी घेतल्यावर ती सोसते. पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंद. वेळा पडद्यावरून मोजायच्या नाहीत, कळ दाबल्याच्या घटनेवरून मोजायच्या.

विंडोजमधलं आजच बंद करायचं:
– शिफ्ट सलग पाचदा दाबल्यावर उघडणारी स्टिकी कीजची खिडकी. थ, ळ, श, ण या सगळ्यांना शिफ्ट लागतो; कोणी अडखळून तो नुसताच पुन्हा पुन्हा दाबला की ती उगवते आणि माणूस गोंधळतो.
– उजवा शिफ्ट आठ सेकंद धरल्यावर सुरू होणारं फिल्टर कीज (झटपट दाब सोडून देणारी सोय).
– कळ धरून ठेवली की आपोआप उमटणारी अक्षरं. सांधे आखडलेलं बोट कळेवरून उशिरा उठतं आणि "ककककक" येतं. सॉफ्टवेअरमध्ये पुनरावृत्तीची खूण असलेली घटना सरळ टाकून द्यायची.
– शब्द सुचवणं, आपोआप सुधारणं. हे चालू राहिलं तर चूक कोणी सुधारली तेच कळणार नाही.

एकच कळ ६० मिलिसेकंदांच्या आत दोनदा आली तर ती हाताची थरथर किंवा कळेची उसळी. चुकांत धरायची नाही, रकाना "थरथर".

१२ जून

मजकूर. वीस ओळी, ओळीत आठ शब्द, असे चार संच. शब्दाला सरासरी सहा कळा आणि एक स्पेस धरली तर संचाला साधारण ११२० दाब. मिनिटाला २५ शब्दांचा वेग (पाच दाबांचा एक शब्द) म्हणजे १२५ दाब, म्हणून एका संचाला नऊ मिनिटं. एका दिवशी दोनच संच.

वाक्यं रोजची आणि सपाट: "तालुका कचेरीत दाखला मिळायला दुपार झाली." कविता नको, म्हण नको. तोंडपाठ वाक्य आलं की माणूस बघून टाइप करणं सोडतो.

शुद्धलेखनाचा पेच. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. पंचाहत्तरीच्या माणसाची पहिली-दुसरी त्याआधी झाली, तेव्हा "कांहीं", "नाहीं", "घरांत" असे न उच्चारले जाणारे अनुस्वार शाळेत शिकवत. असा हात "घरात" बघून "घरांत" टाइप करतो आणि त्याला ते बरोबरच वाटतं. बघून टाइप करण्यात तो फरक आहेच, पण "चूक जाणवली नाही" असं त्याच्या नावावर लिहिणं चूक. ज्या शब्दांत जुना अनुस्वार बसू शकतो ते शक्य तेवढे वगळले. उरलेल्यांसाठी रकाना "जुनं शुद्धलेखन".

ण आणि न यांचा गोंधळही बाजूला. बोट शेजारच्या कळेवर पडलं आणि शिफ्टही सुटला म्हणून "पानी" झालं की घरात तसं बोलतात म्हणून, हे कळफलक सांगू शकत नाही.

उरतात त्या खऱ्या घसरणी: दोन वेलांट्यांची अदलाबदल (एफ आणि आर कळा), दोन उकारांची (जी आणि टी), थ चा त, ळ चा ल, शेजारची कळ, गळलेलं किंवा उलटं पडलेलं अक्षर. वेलांट्या आणि उकार चारही डाव्या तर्जनीचे, वरखाली ओळीत. घसरायला याहून सोयीची जागा नाही.

१६ जून

पुसण्याचं गणित. देवनागरीत बॅकस्पेस साधारणपणे एकेक संकेत (संगणक अक्षर, वेलांटी, हलन्त यांना देतो तो वेगळा क्रमांक) पुसतो: "र्थी" वर एकदा दाबलं की दुसरी वेलांटी जाते, "र्थ" राहतं. डिलीट मात्र पुढचं अख्खं अक्षर उचलतं. म्हणून "किती पुसलं" हे दाबांच्या संख्येवरून नाही, आधीच्या आणि नंतरच्या मजकुराच्या फरकावरून काढायचं.

तुलनेआधी दोन्ही मजकूर एनएफसी रूपात (युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात) आणायचे. नाहीतर "दुसऱ्या" मधला ऱ एकीकडे एक संकेत, दुसरीकडे र आणि नुक्ता असे दोन, आणि प्रोग्राम नसलेली चूक दाखवतो. आज हेच झालं: सगळ्या "ऱ्या" लाल.

माउस आणि बाणाच्या कळा बंद. मागे जाऊन दुरुस्त करायची मुभा दिली तर चूक त्या क्षणी कळली की ओळ संपल्यावर वाचताना, ते वेगळं काढता येत नाही.

२० जून

आखणी. चार भाग:

एक: पडदा दिसतो, बॅकस्पेस चालतं. इथे सुधारणा मोजायची.

दोन: पडदा दिसतो, बॅकस्पेस बंद. चुकलं असं वाटताच अंकफलकावरचं एंटर दाबायचं. त्यावर लाल कागद चिकटवलाय.

तीन: पडदा कोरा. फक्त मूळ मजकूर दिसतो, टाइप केलेलं दिसत नाही. लाल बटण चालू. डोळ्याचा आधार काढला की हाताला किती कळतं ते इथे दिसेल. हातांवर पुठ्ठ्याची उघडी पेटी ठेवायची, कळफलक बघून टाइप करणारे लगेच ओळखू येतात.

चार: पडदा खोटं बोलतो. ही युक्ती लोगन आणि क्रम्प यांची, २०१० ची. त्यांनी तरबेज टायपिस्टांच्या काही चुका पडद्यावर गुपचूप दुरुस्त केल्या आणि काही बरोबर शब्दांत गुपचूप चुका घातल्या. विचारल्यावर टायपिस्टांनी बहुधा पडद्यावर विश्वास ठेवला: दुरुस्त केलेलं आपलं म्हटलं, घातलेली चूक अंगावर घेतली. बोटं मात्र फसली नाहीत. खऱ्या चुकीनंतरच ती मंदावली. हाताचा एक पहारेकरी आणि डोळ्याचा दुसरा, हे इतक्या साधेपणाने दुसऱ्या कुठल्या प्रयोगात दिसत नाही. आपण १६० पैकी १० बरोबर शब्दांत चूक घालणार आणि खऱ्या चुकांपैकी निम्म्या लपवणार.

प्रत्येक ओळीनंतर प्रश्न: "या ओळीत तुमच्याकडून चूक झाली का?" भाग संपल्यावर: "एकूण किती झाल्या असतील?"

२३ जून

प्रोग्राम तपासायला हाताने बनवलेली नोंद-फाइल. शब्द "तालुका", ठरवून "तालूका" केलेला. वेळा मिलिसेकंदांत:

त ०, ा ३१०, ल ६४०, ू ९५०, क १४२०, ा १७४०, स्पेस २०६०. लाल बटण नाही.

अंतरं: ३१०, ३३०, ३१०, ४७०, ३२०, ३२०. चुकीच्या उकारापर्यंत लय जशीच्या तशी, चूक झाल्यावर क ला १५० मिलिसेकंद उशीर, मग पुन्हा पहिली लय. मजकुरात चूक तशीच, खूण नाही. प्रोग्रामने याला "हात हो, तोंड नाही" म्हणायला हवं. पहिल्या धावेत "चूक जाणवली नाही" एवढंच म्हणाला, कारण मंदावणं बघायच्या आधीच लाल बटण बघून निकाल देत होता. क्रम बदलला, आता तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहितो.

शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरच्या चुका मंदावण्याच्या हिशेबातून काढल्या. पुढे निदान दोन कळा असल्याशिवाय लय परत आली का ते दिसत नाही.

२७ जून

चष्मा. हा भाग सगळ्यात कमी रंजक, पण दुर्लक्ष केलं तर अख्खी चाचणी डोळ्यांची चाचणी होते.

पडदा डोळ्यांपासून ५५ सेंटिमीटर. या अंतरावर ४ मिलिमीटर उंचीचं अक्षर सुमारे २५ कोनीय मिनिटं व्यापतं, चालतं. पण अनुस्वाराचा टिंब ०.८ मिलिमीटरचा असला तर तो जेमतेम ५ मिनिटं. मोतीबिंदू पिकत असलेल्या डोळ्याला शिरोरेषेवरचा हा टिंब धूळ वाटेल. अक्षर ६ मिलिमीटरपर्यंत वाढवलं, फाँटही टिंब ठसठशीत असलेला घेतला. काळी अक्षरं, किंचित पिवळट पांढरी पार्श्वभूमी. राखाडी अक्षरं अजिबात नाहीत.

वाचायचा चष्मा ३५-४० सेंटिमीटरसाठी असतो, पडदा त्याच्या पलीकडे. प्रोग्रेसिव्ह भिंगवाले मान वर करून खालच्या भागातून बघतात आणि दहा मिनिटांत मान दुखते. पडदा खाली उतरवून मागे कलवला.

प्रत्येकाला आधी दुसऱ्याने टाइप केलेला चुकांचा मजकूर द्यायचा, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत, आणि चुका शोधायला सांगायचं. दुसऱ्याची चूक दिसते पण आपली नाही, असं असेल तरच बोलायला जागा. दुसऱ्याचीही दिसत नसेल तर आधी डोळे तपासा.

सूचनेचा आवाज ३००० हर्ट्झचा होता, तो ८०० वर आणला. वयानुसार आधी जातात ते वरचे सूर.

१ जुलै

रंगीत तालीम. बिघडलं ते असं:

चौथ्या भागात खोटेपणा उघडा पडला. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे उमटते, त्यामुळे पडद्यावर ी ची ि केली की अक्षर उजवीकडे उडी मारतं. डोळ्याला चूक नाही, उडी दिसते. रोमन लिपीत हा प्रश्नच येत नाही. उपाय: शब्द टाइप होताना फक्त ठिपके, स्पेस दाबली की अख्खा शब्द एकदम. तुलना सारखी राहावी म्हणून पहिल्या दोन भागांतही हेच करायचं का, यावर बरीच चर्चा. निर्णय: दुसऱ्या भागात करायचं, पहिल्यात नाही, शब्द दिसलाच नाही तर दुरुस्ती कशाची मोजणार?

लाल बटण विसरलं जातं. टाइप करणं आणि बटणाची आठवण ठेवणं ही दोन कामं झाली, आणि दोन कामं एकत्र आली की उतारवयात जास्त किंमत मोजावी लागते. बटण न दाबणं म्हणजे चूक न जाणवणं नव्हे. म्हणून ओळीनंतरचा प्रश्न हा मुख्य पुरावा, बटण दुय्यम. बटणावर आधी वीस शब्दांचा सराव.

घातलेल्या चुका काही जागी अशक्य होत्या: "कचेरी"चं "कङेरी". च आणि ङ कळफलकावर शेजारी नाहीत, शिवाय ङ रोज कोण टाइप करतं? टाइप करणाऱ्याला लगेच वास येतो. घातलेली चूक फक्त १२ जूनच्या यादीतलीच.

४ जुलै

"चूक झाली का" याच्या उत्तरांचा हिशेब. नुसते होकार मोजायचे नाहीत. काही जण प्रत्येक ओळीला "झाली असेल हो" म्हणतात. वयस्क मंडळींत हा संकोच जास्त असू शकतो. त्यांच्या सगळ्या चुका "जाणवलेल्या" दिसतील.

समजा दोघांच्या वीस-वीस ओळी, दहा चुकीच्या, दहा बरोबर. पहिला चुकीच्या नऊ ओळींना हो म्हणतो, आणि बरोबर सहा ओळींनाही हो. दुसरा चुकीच्या सहांना हो, बरोबर एकीला. होकारावर गेलो तर पहिला जास्त जागरूक. संकेत-ओळख पद्धतीने, म्हणजे खरी ओळख आणि नुसती हो म्हणायची सवय वेगळी काढून (प्रत्येक मोजणीत ०.५ मिळवून, एकूण संख्येत १ मिळवून), पहिल्याचा डी-प्राइम (ओळखीचा आकडा) ०.८७ आणि दुसऱ्याचा १.३३. ओळख दुसऱ्याचीच चांगली. तो हातचं राखून बोलतो इतकंच. ०.५ मिळवायचं कारण: एखाद्याने सगळ्याच चुका ओळखल्या तर शंभर टक्क्यांचं गणित अनंतात जातं.

डी-प्राइम आणि कल (हो म्हणण्याकडचा झुकाव), दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापायचे. कल वयाबरोबर सरकला आणि ओळख नाही, तर बातमी पूर्ण वेगळी आहे.

८ जुलै

मंदावण्याचा हिशेब बदलला. आधी "चुकीनंतरच्या अंतरांची सरासरी वजा बाकी सगळ्यांची सरासरी" असं होतं. हे चालत नाही. थकवा आला की शेवटच्या ओळींत वेगही कमी होतो आणि चुकाही वाढतात. मग चुकीनंतर मंदावल्यासारखं दिसतं, खरं कारण थकवा. वयस्क गटात हे जास्त. आता प्रत्येक चुकीची जोडी: चुकीच्या लगेच आधीचं अंतर आणि लगेच नंतरचं. डुटिल्ह आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुचवलेली पद्धत हीच.

त्यावर आपली एक दुरुस्ती. सगळ्या जोडकळा (सलग दाबलेल्या दोन कळा) सारख्या वेळेच्या नसतात. हात बदलला की जलद, तेच बोट पुन्हा वापरलं की मंद. म्हणून प्रत्येक अंतर त्या माणसाच्या, त्याच जोडकळेच्या, बरोबर टाइप केलेल्या मधल्या किमतीने भागायचं. मिलिसेकंदांत तुलना नको: ३०० च्या लयीत ६० ची भर आणि ५०० च्या लयीत १०० ची भर, दोन्ही एक-पंचमांश.

एका भागात पंधरापेक्षा कमी स्वच्छ चुका असतील तर त्या माणसाचा मंदावण्याचा आकडा छापायचा नाही. फार काळजीपूर्वक टाइप करणारे इथे गळतात, आणि ते बहुधा वयस्क गटातलेच असतील. ओळींची संख्या वाढवून थकवण्यापेक्षा मूळ ओळ आपोआप पुढे सरकवून थोडी घाई लावायची; वेग प्रत्येकाच्या स्वतःच्या पहिल्या भागावरून ठरवायचा.

११ जुलै

खोट्या पडद्याचा खुलासा. चाचणीआधीच्या संमतिपत्रात "एका भागात काही माहिती नंतर सांगू" हे वाक्य. खुलासा त्याच दिवशी, खुर्चीवरून उठायच्या आत. फोनवर नंतर नाही. तालमीत घातलेल्या चुका बघून "आता हात चालत नाही माझा" असं ऐकू आलं. तो हात त्या शब्दात बरोबर चालला होता. म्हणून खुलाशात शब्द नाही, कळांची नोंद दाखवायची: हे तुम्ही दाबलंत, हे आम्ही बदललं. घातलेल्या दहाही चुका, एकेक करून.

खुलाशात "तुमची स्मृती चांगली आहे/कमी आहे" असं एक अक्षर बोलायचं नाही. ही निदानाची चाचणी नाही. स्वतःच्या चुकांची जाणीव अल्झायमरमध्येही कमी होते, त्यामुळे कोणीतरी हा आकडा घेऊन घाबरणार हे गृहीत धरायचं. गुणपत्रक द्यायचंच नाही.

बाजूची गोष्ट: चूक दाखवून दिली की वयस्क माणसं शिकत नाहीत, हा समज घेऊन कोणी टेबलावर बसू नये. मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर उलट दाखवलं: बरोबर उत्तर सांगितल्यावर वयस्क गटाने तरुणांपेक्षा जास्त चुका सुधारल्या.

१५ जुलै

आराखडा गोठवला, यापुढे पहिला माणूस बसेपर्यंत बदल नाही. वेळ सकाळी १० ते १२. भाग दोन आणि तीन यांचा क्रम प्रत्येक माणसागणिक उलटा, चौथा कायम शेवटी, कारण एकदा पडदा खोटा निघाला की पुढे कोणी त्यावर विश्वास ठेवणार नाही. झोपेच्या गोळ्या आदल्या रात्री घेतल्या का, हे विचारून लिहायचं. घेतल्या असतील तर दिवस बदलायचा.

निकालाच्या तक्त्यात प्रत्येक चुकीसमोर चार रकाने: मंदावला का, सुधारलं का, बटण दाबलं का, ओळीनंतर सांगितलं का. त्यांची बेरीज करणारा पाचवा रकाना काल कोणीतरी जोडला होता. काढून टाकला.

राहिलेलं: दुसऱ्या संगणकावर टिंबाचा आकार पट्टीने मोजणे, लाल कागद सुटतोय तो नीट चिकटवणे, आणि पुठ्ठ्याची पेटी दोन बोटं उंच करणे. बांगड्या अडकतात.